पाय पेडलला पुरला पाहिजे

ताई, नमस्कार. माझं वय 51. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याची हायब्रिड सायकल घरात नुसती उभी होती, म्हणून चार महिन्यांपूर्वी मी ती चालवायला घेतली. तो माझ्यापेक्षा तीन-चार बोटं उंच आहे. सीटवर बसून माझे पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा एका मित्राच्या सांगण्यावरून सीट खाली घेतली. पंधरा दिवसांत बूड दुखायला लागलं, म्हणून जेलचं कव्हर आणलं. मग पुढच्या नाजूक भागाला मुंग्या यायला लागल्या, म्हणून सीटचं नाक खाली झुकवलं. मुंग्या कमी झाल्या, पण आता अर्ध्या तासात दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढेही सरकवली आहे. गुडघे तर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतातच, जिना उतरताना जास्त. बायको म्हणते, विकून टाका. नवीन सीट घ्यायची तर कोणती घेऊ? की या वयात सायकल मला झेपणारच नाही? आणखी एक: मुलगा सुट्टीत आला की सीट वर करतो, आणि तो गेल्यावर माझं सगळं पुन्हा विस्कटतं. त्याला काही उपाय?
– सीटने छळलेला

नमस्कार.

पत्र वाचताना मला हसू आलं, रागावू नका. दुखण्याला नाही हसले. दुखण्यावर तुम्ही एकापाठोपाठ एक जे उपाय केलेत, त्यांची हकिगत इतकी क्रमवार लिहिली आहे की नवशिक्यांना ती जशीच्या तशी वाचून दाखवावी. मी पाच तक्रारी मोजल्या. मूळ मात्र एकच आहे आणि ते तुम्हीच लिहून गेलात: पाय टेकेनात म्हणून सीट खाली घेतली. पुढची सगळी त्याची पिलावळ.

बघा कशी ती. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा नको तितका दुमडतो. तशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. मिनिटाला 70 फेरे धरले तर अर्ध्या तासात एकेका गुडघ्यावर असे 2100 दाब पडतात. वाटीच्या पुढे दुखणार नाही तर काय होईल! शिवाय पाय पुरेसा लांबत नसल्यामुळे पेडलवर अंगाचा भार नीट पडत नाही, तो सगळा सीटवर साचतो. बूड दुखलं ते त्याने. मग आलं जेलचं कव्हर. मऊ गादीत बसायची दोन हाडं खाली रुततात आणि मधली गादी वर फुगून नेमक्या नसा आणि रक्तवाहिन्या असतात तिथे दाबते, म्हणून मुंग्या. त्यावर तुम्ही सीटचं नाक खाली केलंत, म्हणजे स्वतःला घसरगुंडीवर बसवलंत. घसरू नये म्हणून हात हँडलला रेटा देत राहिले. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून एक नस जाते, ती दबली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. सायकल चालवणाऱ्यांत हे इतकं सर्रास आढळतं की वैद्यकात त्या दुखण्याला सायकलस्वारांचंच नाव दिलेलं आहे. तुमची नेमकी हीच दोन बोटं आहेत, तिसरं कुठलं नाही.

तेव्हा नवीन सीट तूर्तास घेऊ नका. वयाचाही यात काही दोष दिसत नाही. घ्यायचा आहे तो पाना.

आधी त्या मित्राच्या सल्ल्याचं पाहू, कारण तो मनातून गेल्याशिवाय सीट वर जायची नाही. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हे आपण सगळे लहानपणी शिकतो आणि तेव्हा ते बरोबरही असतं. पडायच्या वयात पाय टेकणं महत्त्वाचं. पण हिशेब करून बघा. सायकलचा क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल असतं तो दांडा, ज्या आसावर फिरतो, तो तुमच्यासारख्या सायकलींत जमिनीपासून साधारण 28 सेंटिमीटरवर असतो. क्रँकची लांबी बहुतेक 17 सेंटिमीटर. म्हणजे पेडल अगदी तळाला असतानाही जमिनीपासून 11 सेंटिमीटर वर असतं. ते असायलाच हवं, नाहीतर वळणावर जमिनीला घासेल. आता पेडल तळाला असताना पाय जवळजवळ सरळ हवा, ही पहिली अट धरली, तर त्याच पायाचा तळवा जमिनीवर सपाट कसा टेकणार? मध्ये हे 11 सेंटिमीटर आहेत. एका बाजूला कलून बोटं टेकली तरी पुष्कळ. बसल्या बसल्या दोन्ही तळवे आरामात टेकत असतील, तर सीट हातभर नाही तरी वीतभराच्या आसपास खाली आहे असं खुशाल समजावं. (क्रँक मुद्दाम पुढे नेलेल्या काही आरामशीर सायकलींत पाय टेकूनही उंची बरोबर राहते, पण तुमची तशी नाही.)

1885 साली रोव्हर सेफ्टी नावाची सायकल आली आणि आजच्या सायकलीची घडण रूढ झाली. त्याआधी लोक उंच चाकाची सायकल चालवायचे. तिची पेडलं थेट पुढच्या चाकालाच असत, त्यामुळे चाक घ्यायचं ते पायाच्या मापाचं. लांब पायांच्या माणसाला मोठं चाक, आखूड पायांच्या माणसाला लहान. मागच्या चाकाच्या वर एक पायरी असे, तिच्यावर पाय ठेवून चढायचं. बसल्या जागेवरून पाय टेकवायचा विचार त्या लोकांच्या स्वप्नातही आला नसेल. सायकल पायाला बेतायची ती पेडलपासून वर मोजून, हे त्यांना सक्तीने कळलं. आपल्याला सोय झाली आणि ते विसरायला झालं.

मग थांबायचं कसं? तुमच्या पत्रात हा प्रश्न नाही, पण खरा प्रश्न हाच आहे. सीट वर घ्यायला बहुतेकांचा हात धजत नाही तो याच भीतीने. उत्तर असं की थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. ब्रेक दाबत आणताना एक पेडल तळाला आणा, त्या पायावर उभे राहा, बूड सीटवरून उचलून पुढे घ्या आणि मधल्या दांडीच्या वर या. मग दुसरा पाय जमिनीवर. सायकल किंचित त्या पायाकडे कलली तर कलू द्या. निघताना याच्या उलट. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा, एक पेडल वर आणि थोडं पुढे ठेवा, घड्याळात दोनचा काटा असतो तिथे. त्यावर भार टाकला की सायकल चालू लागते आणि तुम्ही आपोआप उंच होता. त्याच लयीत मागे सीटवर टेका.

मोकळं मैदान शोधा आणि नुसतं हेच वीस वेळा करा. चालवायचं नाही, निघायचं आणि थांबायचं. पहिल्या पाच वेळा आपण सर्कशीतले अस्वल आहोत असं वाटेल. दहाव्याला पाय स्वतःच जागा शोधायला लागतो. हे जमेपर्यंत पाना हातात घेऊ नका, कारण भीती वाटली की तुम्ही दुसऱ्याच दिवशी सीट पुन्हा खाली घ्याल. मी माणसं ओळखते.

याच वेळी एक गोष्ट तपासून घ्या. सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय सपाट टेकवून उभे राहिलात तर दांडी आणि तुमच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतात का? राहत असतील तर सायकल तुमच्यासाठी मोठी नाही. तीन-चार बोटांच्या फरकाने सहसा अडत नाही. जांघेत दांडी टोचत असेल तर मात्र बायकोचं ऐका.

आता उंची. आकडे हवे असतील तर आहेत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा. खुणेपासून जमिनीपर्यंत हे तुमच्या पायाचं माप. समजा ते 80 सेंटिमीटर आलं. टूर दी फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र म्हणतं, याला 0.883 ने गुणा: 70.6 सेंटिमीटर. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून, सीटच्या दांडीला धरून, सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. 1967 साली ब्रिटनमधल्या हॅम्ली आणि थॉमस या अभ्यासकांनी दुसरा हिशेब मांडला होता, मापाच्या 109 टक्के, आणि तो तळाला असलेल्या पेडलपासून मोजायचा: 87.2. पहिल्या उत्तरात 17 सेंटिमीटरचा क्रँक मिळवा, 87.6 येतात. दोन निराळ्या वाटांनी निघून माणसं चार मिलिमीटरच्या अंतरात भेटली, एवढ्यावरून आकडा भलतीकडे नाही हे कळतं. पण तुमचे बूट किती जाड, पेडल मारताना तुमची टाच किती उचलते, मांडी लांब की पोटरी, हे सूत्राला ठाऊक नसतं. म्हणून ते सुरुवातीपुरतं धरायचं.

मला स्वतःला टाचेची रीत जास्त आवडते. तिला कागद लागत नाही. सायकल भिंतीशेजारी किंवा दाराच्या चौकटीत उभी करा, आधाराला कोणीतरी असू द्या. बायकोला बोलवा, त्यांनाही पटत जाईल. ज्या बुटांत चालवता तेच घाला. सीटवर नेहमीसारखे बसा आणि टाच पेडलवर ठेवून हळूहळू उलटं फिरवा. पेडल सर्वांत लांब जातं तिथे, म्हणजे क्रँक सीटच्या दांडीच्या रेषेत आला की, गुडघा नुसता सरळ झाला पाहिजे आणि टाच पेडलवरून सुटता कामा नये. टाच सुटते किंवा ती टेकवायला कंबर एका बाजूला लवते, तर सीट वर झाली. गुडघ्यात वाक उरतो, तर अजून खाली आहे. जमलं की पाऊल मागे घ्या, म्हणजे टाचेऐवजी चवडा पेडलवर येईल. चवड्याने चालवताना तळाला गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. जाणकार तो 25 ते 35 अंशांच्या दरम्यान असावा म्हणतात, आणि दुखऱ्या गुडघ्याला सहसा मधला आकडा मानवतो. कोनमापक घेऊन बसू नका. बाजूने मोबाइलवर चित्रण करा आणि पेडल तळाला असतानाचं चित्र थांबवून बघा. दुसरं चित्रण मागून करा. मागून पाहताना कमरेचा पट्टा तराजूच्या दांडीसारखा वरखाली होत असेल, तर सीट पाच मिलिमीटर खाली.

तुमची सीट आत्ता बरीच खाली असणार. एका दिवसात वर चढवू नका. एकेक सेंटिमीटर करत जा, मध्ये दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. मांडीच्या मागच्या स्नायूंना चार महिन्यांत एवढं लांबायची सवयच राहिलेली नाही, ते कुरकुरतील. शेवटचा सेंटिमीटर तर तीन-तीन मिलिमीटरने. आणि हे ध्यानात ठेवा: दुखणं वाटीच्या पुढून उठून गुडघ्याच्या मागच्या खळग्यात गेलं, तर तुम्ही गरजेपेक्षा वर गेलात. पुढे दुखलं तर वर, मागे दुखलं तर खाली. ढोबळ आहे, पण चालून जातं.

सीटच्या दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली किंवा छापलेली असते. ती रेघ कायम फ्रेमच्या आत राहिली पाहिजे, बाहेर दिसली की थांबायचं. दांडी तेवढी आत नसेल तर फ्रेमला तडा जाऊ शकतो किंवा दांडीच वाकते. तुमचा मुलगा उंच असूनही त्याच दांडीवर चालवतो, तेव्हा तुम्हाला ती अडचण यायची नाही, पण रेघ बघून घ्या. दांडी धातूची असेल तर काढलीच आहे तर पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत ती फ्रेमला अशी धरते की देवाला नवस बोलावा लागतो. कार्बनची असेल तर ग्रीस लावू नका, तिच्यासाठी खरखरीत पेस्ट वेगळी मिळते. बोल्ट किती आवळायचा ते बहुतेक वेळा त्याच्या शेजारीच छापलेलं असतं. लागेल तेवढाच जोर. बोल्ट आवळताना पैलवानकी नको.

उंची बसली की पुढे-मागे. हा क्रम मोडू नका. तुम्ही हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे घेतली आहे, आणि ही चूक इतके लोक करतात की तिला चूक म्हणायलाही संकोच वाटतो. सीट पुढे-मागे करायची ती पाय आणि पेडल यांच्या नात्यासाठी. हँडल लांब असेल तर त्याचा इलाज हँडलपाशी करायचा. फ्रेमला आणि हँडलला जोडणारा जो लहान तुकडा असतो, स्टेम, तो आखूड किंवा थोडा वर उचललेला मिळतो. तो बदलता येतो. सीट पुढे नेली की धड पेडलांच्या पुढे झुकतं आणि ते तोलायचं काम हातांवर येतं. तुम्ही हात जवळ आणायला गेलात आणि त्यांच्यावरचा भार वाढवून बसलात.

सीटखाली दोन समांतर सळ्या असतात. क्लॅम्प ढिला करून सीट त्या सळ्यांच्या मध्यावर आणा. टोकाकडच्या वळलेल्या भागावर क्लॅम्प कधीच आवळू नये. मग ओळंबा. क्रँक आडवा ठेवा, पुढच्या पायाच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून सुतळीला नट बांधून सोडा. ती पेडलच्या आसावर किंवा किंचित मागे पडावी, असं सायकलवाले पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. याला शास्त्राचा आधार फारसा नाही. सायकलींचे घडवय्ये कीथ बॉन्ट्रेगर यांनी या समजुतीचा एका लेखात पार धुव्वा उडवला होता. ओळंबा दाखवतो गुरुत्वाकर्षणाची दिशा, आणि पेडल मारण्याशी तिचा काय संबंध? पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकली असतात, त्यात गुडघा पेडलच्या वर कधी येतच नाही आणि माणसं उत्तम पेडल मारतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. तरीही मी सुतळी सोडते, कारण कुठून तरी सुरुवात करावी लागते आणि मध्य माहीत असलेला बरा.

खरी परीक्षा पुढे आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर, जरा जोर लागेल अशा गिअरमध्ये चालवत असताना तळहात हँडलवरून बोटभर उचला. सोडायचे नाहीत, नुसते तरंगते ठेवायचे. धड पुढे कोसळतंय असं वाटलं तर सीट आणखी मागे हवी. क्षण-दोन क्षण तसेच राहू शकलात तर बरोबर आहे. पाच-पाच मिलिमीटरने सरकवा. आणि एक गुपित, जे माहीत नसल्यामुळे मी स्वतः आपटले आहे: सीट एक सेंटिमीटर मागे गेली की पेडलपासूनचं अंतर सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे उंची न बदलताच सीट वर घेतल्यासारखं होतं. मागे नेलीत तर तेवढी खाली घ्या, पुढे नेलीत तर तेवढी वर.

माझी आपटायची गोष्ट एवढीच, की एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी सीटची उंची, तिची जागा आणि बुटांखालच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटही बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी लांबची फेरी मारली. गुडघ्यामागे तीन आठवडे दुखत होतं. तिघांपैकी गुन्हेगार कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा.

आता सीटचं नाक. ते सरळ करा. सीटवर पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा, त्यावर पाणसळ, किंवा मोबाइलमधली. शेपूट वर उचललेल्या सीटवर मागचा भाग सोडून मधला आणि पुढचा भाग पाहायचा. नाक सपाट केल्यावर पुन्हा मुंग्या येतील अशी भीती तुम्हाला वाटेल. उंची आणि जागा सुधारली असेल आणि ते कव्हर निघालं असेल, तर बहुधा येणार नाहीत. आल्याच तर एक अंश खाली, मग फार तर दुसरा. बसतानाच पुढे घरंगळायला होतंय असं वाटलं की जास्त झालं. एकच बोल्ट असलेल्या क्लॅम्पला दाते असतात, त्यामुळे तो एका दातावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधलं काही देत नाही. दोन बोल्टवाला असेल तर एक अर्धा फेरा ढिला, दुसरा तेवढाच घट्ट, असं बारीक करता येतं.

कव्हर मात्र काढा म्हणजे काढाच. पॅडवाली चड्डी वापरणार असाल तर तिच्या आत दुसरी काही घालायची नाही. हे सांगताना समोरचा नेहमी दचकतो, पण आतल्या कपड्याची शिवणच कातडीला घासते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलांवर उभे राहून खालच्या भागाला मोकळं करा. चढावर जड गिअर रेटू नका, हलक्यात पाय भराभर फिरवा. तुमच्या गुडघ्यांना त्याची गरज उंचीइतकीच आहे.

सगळं जमून महिनाभर झाला आणि तरी बूड दुखतच असेल, तर मग सीट बदलायचं बोलू. तेव्हा मऊपणा बघू नका, रुंदी बघा. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून, पाय थोडे उचलून, दोन मिनिटं बसा. दोन खळगे उमटतात, ती तुमची बसायची हाडं. त्या खळग्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. सीट त्याहून रुंद हवी, म्हणजे दोन्ही हाडं तिच्या कडांच्या आत बसतात. ताठ बसून चालवणाऱ्याला रुंद, वाकून चालवणाऱ्याला जरा अरुंद.

दोन गोष्टींत माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांकडे जा: गुडघा सुजला किंवा न चालवताही दुखायला लागला तर, आणि सायकलवरून उतरल्यावर हाताची बोटं किंवा खालचा भाग बराच वेळ बधिर राहिला तर. बधिरपणा सोसायची गोष्ट नाही.

सीट एकदा लावली म्हणजे कायमची लागली, असंही समजू नका. एडी मर्क्स टूर दी फ्रान्स पाच वेळा जिंकला. 1969 च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या ब्लुआ इथल्या सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर तो भीषण पडला आणि त्याची कंबर कायमची वाकडी झाली. त्यानंतर तो शर्यत चालू असतानासुद्धा सीटची उंची बदलत असे. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असणारी माणसं थोडीच. तुमचा एकच गुडघा दुखत राहिला तर ते लक्षात घ्या. पण मर्क्सच्या वाटेने रोज पाना काढून बसायचं नाही. तो मर्क्स होता.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. रंगीत चिकटपट्टी घ्या. तुमची उंची जमली की सीटची दांडी जिथे फ्रेममध्ये शिरते, त्याच्या बरोबर वर दांडीवर एक पट्टी गुंडाळा. तो आला की त्याच्या उंचीचीही खूण करायची. त्याची सीट तुमच्याहून वर असणार, म्हणजे त्याची खूण तुमच्या पट्टीच्या खाली येईल, आणि तिथे पट्टी लावली तर तुमच्या उंचीला ती दांडीबरोबर आत जाणार नाही. तेव्हा त्याच्यासाठी पट्टीऐवजी न पुसणाऱ्या शाईची बारीक रेघ मारा. पट्टीचा आणखी एक उपयोग होतो. बोल्ट ढिला राहून दांडी रोज केसभर खाली सरकत असेल, तर तुमची पट्टी फ्रेमवर चुरगळलेली दिसते. नाहीतर महिनाभर कळत नाही आणि गुडघे पुन्हा बोलायला लागतात. उतारावर, खडबडीत वाटेवर मुलाला मुद्दाम सीट खाली घ्यायची असेल तर घेऊ द्या, तिथे ते शहाणपणाचं असतं. नाक आणि पुढची-मागची जागा मात्र दोघांनी हलवायची नाही, असं ठरवून टाका. उंचीच्या एका बोल्टवर भागलं तर तो गेल्यावर तुमची सीट मिनिटभरात जाग्यावर येईल.